बंदूक कुलपात, किल्ली खिशात

कोकणात भातशेती आणि बागायत करणाऱ्या पुष्कळ घरांत परवान्याची बंदूक असते. शेतीसंरक्षणासाठी म्हणून हा परवाना दिलेला असतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत नाचणीचं वा भुईमुगाचं शेत उकरून टाकतो, माकडं नारळ-आंब्याची नासाडी करतात. त्यांना हुसकावायला बार काढण्यावाचून दुसरा उपाय शेतकऱ्याला सुचत नाही. त्या बंदुकीची गरज किती, यावर आज मला बोलायचं नाही. काम नसतं तेव्हा, म्हणजे वर्षातले बहुतेक सगळे दिवस, ती घरात कुठे असते, हा माझा आजचा विषय आहे.

ती असते दाराच्या मागे. माजघरातल्या खुंटीवर. माळ्यावर, जुन्या गोधडीत गुंडाळलेली. फार तर लोखंडी कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली वरच्याच कप्प्यात, साड्यांच्या घडीखाली. घरातल्या प्रत्येक पोराला ही जागा माहीत असते. मोठ्यांना वाटतं, आपण लपवलंय. मुलं काही बोलत नाहीत, एवढंच.

मी स्थापत्य अभियंता आहे. घरं बांधणं आणि जुनी घरं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे 'तिजोरी कुठे बसवू?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पण दापोलीकडच्या एका बागायतदार काकांनी वेगळाच प्रश्न विचारला. म्हणाले, ''साहेब, मे महिन्यात मुंबईहून नातवंडं येतात. तेवढे दिवस ही बंदूक कुठं ठेवू ते सांगा. झोप लागत नाही.'' त्यांच्यासाठी जे काम केलं, त्याच्याच आधारानं आज सांगतो.

पहिली गोष्ट खरेदीची. घरातलं नेहमीचं लोखंडी कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. त्याचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. दाराच्या फटीत पहार घातली की दार वाकतं. बंदुकीची पेटी किमान ३ मिलिमीटर पत्र्याची हवी, दार त्याहून जाड असलं तर उत्तम. दार बंद झाल्यावर चौकटीशी सपाट बसलं पाहिजे. पहारीचं टोक शिरेल एवढी फट राहता कामा नये. कुलपाचे खिट्टे एकाच बाजूला नकोत, निदान दोन बाजूंना सरकणारे हवेत. बिजागऱ्या बाहेर असतील तर त्या बाजूला आतून एक पट्टी जोडून घ्यावी. म्हणजे कोणी बिजागरी कापली तरी दार निघत नाही.

उंची ठरवण्याआधी आपली बंदूक मोजपट्टीनं मोजा. दुनळी बारा बोअर सव्वा मीटरच्या आसपास भरते. ठासणीची बंदूक त्याहून लांब असू शकते. दुनळीची एक सोय आहे. ती मोडून नळी आणि दस्ता वेगळे करता येतात. नळीची लांबी बहुधा २८ ते ३० इंच, म्हणजे पाऊण मीटर. घरात आधीच चांगली तिजोरी असेल, तर सुटी केलेली दुनळी तीत मावू शकते. वेगळी पेटी घ्यायची गरजच उरत नाही. ठासणीच्या बंदुकीला ही सोय नाही, तिला उभी पेटीच लागते. पेटी फार मोठीही नको. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त २ शस्त्रं बाळगता येतात, आधी ही मर्यादा ३ होती. अमेरिकेतल्या चित्रांत दिसतात तशी वीस-वीस बंदुकांची कपाटं आपल्याकडे कुणाच्याच कामाची नाहीत.

काडतुसांना आत स्वतंत्र कुलपाचा कप्पा हवा, आणि त्याची किल्ली वेगळी. बंदूक आणि काडतूस एकाच किल्लीनं हाती लागता कामा नये. पेटीत ठेवण्याआधी बंदूक उघडून नळी रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हींनी करावी.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. ठासणीच्या बंदुकीची सुटी दारू जाड पोलादी पेटीत कोंडून ठेवू नये. उघड्यावर पेटलेली दारू भडकते आणि विझते. तीच दारू चारी बाजूंनी बंद पोलादात पेटली तर वायूला वाट मिळत नाही, आणि पेटीचाच बॉम्ब होतो. दारू परवान्यात लिहिली असेल तेवढीच बाळगावी, आणि मूळ डब्यात, कुलूपबंद लाकडी पेटीत, चुलीपासून आणि विजेच्या बोर्डापासून दूर ठेवावी.

आता वजन. ३ मिलिमीटर पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा साडेतेवीस किलो भरतो. दीड मीटर उंच, ४० सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर खोल पेटीला अडीच चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे नुसता पत्राच ६० किलो. चौकट, खिट्टे, कुलूप, जाड दार धरून पेटी ८० ते १०० किलोपर्यंत जाते. आगीपासून बचाव करणारी दुहेरी भिंतीची तिजोरी ३०० किलोंचीही असते.

काकांच्या घरापर्यंत टेम्पो जात नाही. रस्त्यापासून पाखाडी उतरून खळ्यात यावं लागतं. अशा वेळी चार गोष्टी पाळाव्यात. दार सुटं होत असेल तर आधी काढून वेगळं न्यावं, ओझं हलकं होतं. दार निघत नसेल तर कुलूप लावून दोरीनं बांधावं, वाटेत उघडलं तर माणूस पडतोच. पेटी आडवी करून दोन जाड बांबूंना दोरानं बांधावी आणि पालखीसारखी चौघांनी-सहांनी न्यावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, उतारावर पेटीच्या खालच्या अंगाला कुणीही आधार द्यायला उभं राहू नये. खालच्या माणसावर वजनाचा मोठा वाटा येतो. त्याचा पाय शेवाळ्यावरून सरकला, तर वरचे तिघं पेटी धरू शकत नाहीत. वरून दोर लावून, झाडाला एक वेढा देऊन, हळूहळू सोडावी. काकांकडे फणसाच्या झाडानं हे काम केलं. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये.

सपाट जागेवर लोखंडी पाइपचे तीन रूळ पुरतात. पेटीखाली दोन रूळ नेहमी असले पाहिजेत, मागून सुटलेला तिसरा पुढे आणून लावायचा. रूळ हातानं सरळ करू नये, काठीनं करावा. बोटं गेलेली माणसं या धंद्यात पाहायला मिळतात. हमाल लावलेत, तर वजन किती ते आधी खरं सांगा. ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. घासाघीस करून दोन माणसांत चौघांचं काम उरकून घेणं, ही काटकसर नव्हे.

शहरातल्या वाचकांसाठी लिफ्टचा हिशेब सांगतो. आपल्याकडे लिफ्टची क्षमता दर माणशी ६८ किलो धरून लिहिलेली असते. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो. ३०० किलोंची तिजोरी आणि सोबत दोन गडी, की लिफ्टची मर्यादा ओलांडली. तिजोरी एकटी वर पाठवावी, माणसांनी जिन्यानं जावं. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांचा भार आपल्या मानकांनुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. म्हणून जड तिजोरी खोलीच्या मध्यावर ठेवू नये, तुळईवरच्या भिंतीलगत ठेवावी, आणि इमारत जुनी असेल तर अभियंत्याला दाखवावं. लाकडी तक्तपोशीच्या वाड्यात तिची जागा तळमजल्यावरच.

पेटी घरात आली, म्हणजे काम निम्मं झालं. १०० किलोंची पेटी चार चोर सहज उचलतात, आणि मग शेतात नेऊन सावकाश फोडतात. ती जमिनीला जखडली नाही, तर आपण चोराला उचलायला सोपं असं गाठोडंच बांधून दिलेलं असतं.

शहरी घरात काँक्रीटच्या जमिनीत १२ मिलिमीटरचे अँकर बोल्ट ठोकतात. मात्र स्लॅब चार-पाच इंचांचाच असतो आणि त्यात विजेचे पाइप असतात, म्हणून भोक किती खोल पाडायचं ते आधी ठरवावं. साडेचार इंची विटेच्या भिंतीवर भिस्त ठेवू नये.

कोकणातल्या घरात अडचण वेगळी. भिंत जांभ्याची. जांभा सच्छिद्र दगड, फुगून पकडणारा बोल्ट त्यात घट्ट बसत नाही. पिळत गेलं की कड फुटते आणि बोल्ट हातात येतो. म्हणून काकांकडे आम्ही भिंतीचा नाद सोडला. माजघराच्या कोपऱ्यात फरशी काढून मुरमापर्यंत खणलं. ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल खड्डा घेतला. ओल वर चढू नये म्हणून तळाला जाड प्लास्टिक अंथरलं. पेटीच्या तळाच्या चार भोकांप्रमाणे प्लायवूडचा साचा केला, त्यात १२ मिलिमीटरचे चार वाकड्या शेपटीचे बोल्ट अडकवले आणि काँक्रीट ओतलं. सात दिवस पाणी मारलं. मग पेटी बोल्टांवर उतरवून आतून नट आवळले. या ठोकळ्याचं वजन सुमारे ३९० किलो भरतं. आता पेटी न्यायची, तर पाया उखडून न्यावा लागेल. आणि नट आत असल्यामुळे दार उघडल्याशिवाय ते दिसतही नाहीत.

कोपरा निवडण्यालाही कारण आहे. दाराची कुलपाची बाजू भिंतीकडे ठेवली, तर पहारीला झोका घ्यायला जागा मिळत नाही. पेटी ओटीवरून दिसता कामा नये, आणि स्वयंपाकघराच्या ओलाव्यातही नको.

ओलावा हा कोकणातला घरबसल्या चोर. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे बंद पेटीतलं पोलाद गंजणारच. पेटी आणि फरशी यांमध्ये रबराच्या चकत्या घालाव्यात. आत सिलिका जेलची पिशवी ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. बंदूक कापडी म्यानात वा फोममध्ये ठेवू नये, ते ओल धरून ठेवतात. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तेलाचा हात फिरवावा.

शेवटी किल्ली. सगळा खर्च, सगळी मेहनत या एवढ्याशा वस्तूवर येऊन ठेपते. ज्याच्या नावावर परवाना, किल्ली त्याच्याच अंगावर. देव्हाऱ्यात नाही, पिठाच्या डब्यात नाही. आकड्यांचं कुलूप असेल, तर कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला आणि नातवाची जन्मतारीख ठेवू नका. नातवालाच ती सर्वांआधी सुचते. बॅटरी संपल्यावर लागणारी जादा किल्ली पेटीच्या आत ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत!

महिनाभर परगावी जायचं असेल, तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. निवडणुकीच्या वेळी जमा करण्याची सवय कोकणाला आहेच. आणि परवानाधारक गेल्यानंतर ती बंदूक तशीच पेटीत पडून राहणं कायद्याला मान्य नाही. वारसांनी ती विनाविलंब जमा करायची असते, १९५९ च्या शस्त्र कायद्यात तशी तरतूद आहे. म्हणून पेटीत काय आहे आणि परवान्याचा कागद कुठे आहे, हे घरातल्या एका जाणत्या माणसाला सांगून ठेवावं. किल्ली मात्र देऊ नये.

पेटी, वाहतूक, काँक्रीट सगळं धरून हा खर्च एका चांगल्या दुभत्या म्हशीपेक्षा कमीच येतो. पिकाच्या राखणीसाठी आपण बंदूक घेतो. घरातल्या लेकरांची राखण त्या बंदुकीपासून करायची, तर एक पोलादी पेटी, चार बोल्ट आणि खिशातली एक किल्ली एवढंच लागतं. ज्या घरात परवाना आहे, तिथे हे काम येत्या मे महिन्याच्या आत उरकून घ्यावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)