भंगारातला लेझर, चष्म्याआडून!

माळ्यावर धूळ खात पडलेल्या डीव्हीडी रायटरमध्ये एक लेझर लपलाय. तो बाहेर काढता येतो, पेटवताही येतो. पण आधी डोळ्यांचं काय करायचं ते ठरवा!

तुमच्या घरात जुना कॉम्प्युटर आहे? बाबांनी ‘पडू दे, कामाला येईल’ म्हणून माळ्यावर टाकलेला? मग त्याचा डीव्हीडी रायटर उघडून बघा. चार स्क्रू, एक पत्रा, आणि आत दोन दांड्यांवर मागेपुढे सरकणारी एक छोटी गाडी दिसेल. रिपेअरिंगवाले जिला ‘लेन्स’ म्हणतात आणि ‘लेन्स गेली’ असं सांगून आपल्याला परत पाठवायचे, तीच ही. या गाडीच्या पोटात साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत लेझर डायोड बसलेला असतो. एक नाही, दोन. डीव्हीडीसाठी लाल, ६५० नॅनोमीटरचा. आणि सीडीसाठी इन्फ्रारेड, ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणारा.

मी मास कॉमची. बारावीनंतर फिजिक्सशी माझा संबंध तुटला तो तुटलाच. तरी महिनाभरापूर्वी मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी शंभर रुपयांना दोन मेलेले डीव्हीडी रायटर घेऊन उभी होते. सोबत माझा मावसभाऊ. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, भंगार दिसलं की डोळे चमकणारा. त्याला सगळे दादाच म्हणतात, मीही तेच म्हणते.

एवढ्याशा दाण्यात काय आहे?

थोडं मागे जाऊ. प्रकाशाने प्रकाश वाढवता येईल याचं गणित आइनस्टाइनने १९१७ मध्ये मांडलं. प्रत्यक्ष लेझर पेटायला १६ मे १९६० उजाडलं. अमेरिकेत थिओडोर मायमनने माणकाची एक कांडी आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा दिवा वापरून पहिला लेझर चालवला. दोनच वर्षांत, १९६२ मध्ये, सेमीकंडक्टरचा लेझर आला आणि हे प्रकरण हळूहळू लहान, स्वस्त होत गेलं. इतकं की गाणी ऐकायच्या मशीनमध्ये बसलं, आणि गाणी मोबाइलवर गेल्यावर भंगारात आलं.

डायोड म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, एलईडीसारखाच असेल, सेल लावला की पेटला. मलाही तसंच वाटलं. माझा पहिला डायोड त्यातच गेला.

झालं असं, की लेझर डायोडला व्होल्टेजपेक्षा करंट सांभाळावा लागतो. करंट कमी असला तर तो एलईडीसारखा मंद लाल दिसतो. एक ठरावीक पातळी ओलांडली की एकदम लेझर होतो. आणि वरची मर्यादा ओलांडली, अगदी क्षणभर जरी, तरी त्याचं तोंड जळतं. मग तो दिसतो लाल, पण आयुष्यभर एलईडीच राहतो. त्याच्यात तुमच्या बोटांवरची स्टॅटिक सहन करायचीही ताकद नसते. म्हणून हात लावण्याआधी नळाला किंवा जमिनीला जोडलेल्या धातूला हात लावा, आणि काढताना तीनही पाय बारीक तारेने एकत्र गुंडाळून ठेवा.

दहा-पंधरा रुपयांचा रखवालदार

करंट सांभाळायला ड्रायव्हर लागतो. दादाने तापकीर गल्लीतून एलएम ३१७ नावाची तीन पायांची आयसी आणली. पंधरा रुपये. ही आयसी आपल्या दोन पायांमध्ये कायम १.२५ व्होल्ट ठेवते. मग तिथे जो रेझिस्टर लावाल त्यावरून करंट ठरतो. १० ओहमचा लावला तर १.२५ भागिले १०, म्हणजे १२५ मिलीअँपिअर. ओहमचा नियम, नववी-दहावीतलाच. मला पेपरात सोडून आलेलं गणित भंगाराच्या टेबलावर पहिल्यांदा कळलं.

पण डायोड लगेच जोडायचा नाही. आधी डमी जोडायचा: १एन४००७ चे चार साधे डायोड एका ओळीत, आणि त्यांच्यासोबत १ ओहमचा रेझिस्टर. मल्टीमीटर त्या १ ओहमवर लावला की जितके मिलीव्होल्ट दिसतील तितके मिलीअँपिअर. हवा तेवढा करंट येतोय अशी खात्री पटली की मगच खरा डायोड. आणि त्याआधी सेल काढून ड्रायव्हरवरचा कपॅसिटर शॉर्ट करून रिकामा करायचा. मी तो रिकामा न करता डायोड जोडला. त्यात दुसरा गेला. दादा काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या रायटरचे स्क्रू काढायला लागला.

तिसरा टिकला. तो पितळी नळीत दाबून बसवला, कारण डायोड तापतो आणि ती उष्णता धातूने ओढून घ्यावी लागते. पुढे किरण सरळ करणारी लेन्स. मागे ड्रायव्हर आणि लिथियमचे दोन सेल. सगळं एका जुन्या ॲल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये. बटण दाबायची वेळ आली तेव्हा दादाने हात धरला. म्हणाला, ‘चष्मा.’

सामानापेक्षा चष्मा महाग

आमच्या सगळ्या सामानाचे मिळून जेवढे पैसे झाले, त्याच्या कितीतरी पट त्या एका चष्म्याचे होते. मी कुरकुरले. गॉगल चालणार नाही का, म्हटलं. नाही चालत. साधा गॉगल सगळा प्रकाश थोडा थोडा कमी करतो. लेझरचा चष्मा ठरावीक तरंगलांबी अडवतो. हिरव्या लेझरसाठीचा चष्मा लाल लेझरला काहीही अडवत नाही. त्यामुळे चष्म्यावर किती नॅनोमीटरसाठी आणि किती घनतेचा, हे छापलेलं असलं पाहिजे, आणि घेताना ओळखीच्या, भरवशाच्या ठिकाणाहूनच घ्यायचा.

तेव्हा दादाने सांगितलं. मला माहीत होतं, पण नीट ऐकलं नव्हतं. मागे एका विसर्जन मिरवणुकीत तो नाचत होता. वरच्या गाडीवरून लेझरचे झोत फिरत होते. एक झोत त्याच्या उजव्या डोळ्यात क्षणभर आला. दुखलं नाही, पाणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना त्याला मधलं अक्षर दिसेना. बाजूची दिसत होती. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यावर भाजलंय. आजही उजव्या डोळ्याने बघितलं की त्याला समोरच्या माणसाचं नाक पुसट दिसतं.

दुखत नाही, कारण आपल्या डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाहीत. आणि डोळ्यातली लेन्स लेझरच्या समांतर किरणांना पडद्यावर एका बारीक ठिपक्यात गोळा करते, त्यामुळे प्रकाशाची तीव्रता साधारण एक लाख पटीने वाढते. बाहेरून ‘छोटासा’ वाटणारा किरण आत जाऊन ‘छोटासा’ राहत नाही. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुणे आणि नाशिकमध्ये तरुणांच्या डोळ्यांना अशी इजा झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदीचा आदेशही काढला.

मग हे सगळं सोसूनही दादा लेझर का बनवतो? मी विचारलं. ‘मला भाजलं त्याच्यावर रागावून मी त्याला ओळखणंच सोडायचं का?’ एवढंच म्हणाला, आणि दिवे बंद करायच्या ऐवजी सगळे दिवे लावले. उजेडात बाहुली लहान होते, किरण कमी आत जातो. हा नियम लिहून ठेवा.

आकडे वाचायला शिका

लेझरचे वर्ग असतात. १ मिलीवॅटपर्यंतचा दिसणारा किरण डोळ्यात आला तर पापणी पाव सेकंदात मिटते, आणि साधारण वाचतो. ५ मिलीवॅटपर्यंत जपून. त्यापुढे ५०० मिलीवॅटपर्यंतचा वर्ग पापणी मिटायची वाट बघत नाही. डीव्हीडी रायटरचा लाल डायोड यातच बसतो, म्हणजे तुमच्या हातातला टॉर्च खेळणं नसून धोक्याचा लेझर असतो.

बाजारातला तयार पॉइंटर तरी सुरक्षित? अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर सुरक्षा नियमांपेक्षा जास्त ताकदीचे निघाले. स्वस्त हिरवे तर आणखी चकवतात. त्यांच्यात आधी इन्फ्रारेड तयार होतं आणि स्फटिकातून हिरवं केलं जातं. अडवणारं फिल्टर नसेल तर न दिसणारं इन्फ्रारेडही बाहेर पडतं. तुम्ही हिरवा ठिपका बघता, आणि डोळ्यात दुसरंच काही जातं.

मग करायचं काय?

पहिला प्रयोग डीव्हीडीचा करूच नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ५ मिलीवॅटचं लाल मॉड्यूल पन्नास रुपयांच्या आत मिळतं. ते टेबलावर घट्ट बसवा. भिंत दोन मीटरवर. आता डोक्यावरचा एक केस उपटून किरणात उभा धरा. भिंतीवर ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना लाल-काळे पट्टे दिसतील. मधल्या बिंदूपासून पहिल्या काळ्या पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजा. माझं १.९ सेंटीमीटर आलं. ६५० नॅनोमीटर गुणिले २ मीटर, भागिले ते अंतर. माझा केस सुमारे ६८ मायक्रॉन जाड निघाला. स्केलपट्टीने मी केसाची जाडी मोजली, यावर माझाच विश्वास बसेना!

डीव्हीडीचा डायोड हवाच असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांना किंवा मॅडमना सांगून करा. चष्मा आधी, डायोड नंतर. स्टीलचा डबा, काच, मोबाइलची स्क्रीन, हातातलं घड्याळ, सगळं किरणाच्या वाटेतून बाजूला. किरण डोळ्याच्या उंचीवर नको. रील काढायचं असेल तर कॅमेऱ्यावर थेट मारू नका, सेन्सरही जळतो. माणसावर, कुत्र्या-मांजरावर, रस्त्यावरच्या गाडीवर आणि आकाशातल्या विमानावर तर कधीच नाही. उतरणाऱ्या विमानाच्या काचेवर किरण पसरतो आणि वैमानिकाला समोरची धावपट्टी दिसत नाही.

आमचा टॉर्च आता दादाच्या कपाटात, सेल काढून ठेवलेला आहे. आम्ही तो रोज पेटवत नाही. परवा मावशीने विचारलं, ‘अरे, एवढा खर्च करून हे असं ठेवून द्यायचं?’ दादा डाव्या डोळ्याने सर्किट तपासत होता. म्हणाला, ‘खर्च चष्म्याचा झालाय आई. तो रोज वापरतो.’

तेव्हा माळ्यावर चढा, भंगार उतरवा, स्क्रू ड्रायव्हर शोधा. पण बटण दाबायच्या आधी एकदा आरशात बघा. चष्मा डोळ्यांवर आहे ना?