बागेत आवाज बसवायचा तर... : ध्वनिकलेचं काम कसं सोपवतात?

शहरातल्या बागेत पुतळा बसवतात, कारंजं बसवतात, भिंतीवर चित्रं काढून घेतात. हे आपल्या ओळखीचं आहे. पण बागेत 'आवाज' बसवायचा म्हणजे काय? ऐकायला गंमतशीर वाटतं, पण जगातल्या काही शहरांनी कलाकारांकडून असं काम खरोखर करून घेतलं आहे. या कलाप्रकाराला ध्वनिमांडणी किंवा साउंड इन्स्टॉलेशन म्हणतात. विज्ञानातला ध्वनी, नागरिकशास्त्रातली महापालिका आणि मराठीतलं पत्रलेखन असे तीन पाठ या एका विषयात एकत्र येतात, म्हणून तो मुलांपर्यंत न्यावासा वाटतो.

ध्वनिमांडणी म्हणजे स्पीकर लावणं का?

नाही. खांबावर स्पीकर लावून गाणी वाजवली तर ती कुठल्याही बागेत तशीच वाजतील. ध्वनिमांडणी मात्र त्या एका जागेसाठी तयार केलेली असते. तिथली झाडं, भिंती, वारा, पाणी, माणसांची ये-जा हे सगळं तिचा भाग असतं. गाण्याला सुरुवात आणि शेवट असतो. मांडणीत माणूस हवा तेव्हा येतो, हवा तेवढा वेळ थांबतो आणि निघून जातो.

इथेच एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. पुतळा आवडला नाही तर मान फिरवून पुढे जाता येतं. आवाजाचं तसं नाही. बागेला लागून ज्यांचं घर आहे, त्यांना तो आवाज नको असला तरी ऐकावाच लागतो. म्हणूनच ध्वनिकलेचं काम सोपवताना 'काय वाजवायचं?' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, 'इथे आत्ता काय ऐकू येतं, आणि इथे कोण राहतं?'

तीन शहरं, तीन उत्तरं

पहिलं उदाहरण पॅरिसचं. जुन्या कत्तलखान्याच्या जागेवर उभारलेल्या 'पार्क द ला व्हिलेत' या मोठ्या उद्यानात बांबूची एक बाग आहे. ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट आहे. तिथे बर्नहार्ड लाइटनर या ऑस्ट्रियन कलाकाराने १९८७ मध्ये काँक्रीटची एक गोल वास्तू उभी केली. तिच्या आतल्या बाजूला आठ ठिकाणी सच्छिद्र काँक्रीटच्या मागे स्पीकर बसवले आहेत. मधोमध उभं राहिलं की आवाज आपल्याभोवती फिरतो, वर चढतो, खाली उतरतो. जागा खोलगट, भोवती बांबू आणि वर भिंत, त्यामुळे बाहेरचा गलका आत कमी येतो आणि आतला आवाजही बाहेर फारसा पसरत नाही. म्हणजे शेजाऱ्यांची काळजी बांधकामातच घेतली गेली.

दुसरं उदाहरण क्रोएशियातल्या झादार शहराचं. ही बाग नाही, पण समुद्रकाठची फिरायची जागा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांनंतर इथला किनारा साध्या काँक्रीटने बांधून काढला होता. २००५ मध्ये वास्तुविशारद निकोला बाशिच यांनी तिथे सुमारे ७० मीटर लांबीच्या संगमरवरी पायऱ्या बांधल्या आणि त्यांच्या पोटात ३५ नळ्या बसवल्या. लाट आली की पाणी नळीतली हवा ढकलते, ती हवा शिटीसारख्या भागातून जाते आणि सूर उमटतो. आपल्या बासरीत फुंकर घालणारे ओठ असतात, इथे तेच काम समुद्र करतो. वीज नाही, स्पीकर नाही. नळ्यांचे सूर असे निवडले आहेत की कुठलेही दोन-चार एकदम वाजले तरी कानाला खटकू नयेत. लाटांवर आपला ताबा नसतो ना, मग एवढी खबरदारी घ्यावीच लागते! २००६ मध्ये या कामाला सार्वजनिक नागरी जागांसाठीचा युरोपीय पुरस्कार मिळाला.

तिसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं. २००४ च्या उन्हाळ्यात पब्लिक आर्ट फंड या संस्थेने जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलावतीकडे काम सोपवलं. तिने बागेत काहीच बांधलं नाही. येणाऱ्याला हेडफोन, सीडी प्लेअर आणि काही छायाचित्रं दिली जायची. कानात तिचा आवाज वाट दाखवायचा आणि त्यात त्याच बागेतले आधी टिपलेले आवाज मिसळलेले असायचे. दोन कानांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रण केलं की ऐकणाऱ्याला पावलं खरंच मागून येताहेत असं वाटतं. ज्याला ऐकायचं त्यानेच ऐकावं, बाकीच्यांची शांतता तशीच राहावी, असा हा उपाय.

काम सोपवण्याआधी विचारायचे प्रश्न

१. जागा आधीच काय बोलते? सकाळी सहाला, दुपारी आणि संध्याकाळी बाग वेगवेगळी ऐकू येते. तांबट पक्ष्याचं टुकटुक, हास्य क्लब, झोपाळ्याची कुरकुर, रखवालदाराची शिटी. नवा आवाज यांना झाकून टाकणार की यांच्यात मिसळणार?

२. किती मोठा आवाज? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार आपल्याकडे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. मोकळ्या जागेत लहान स्रोतापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर ७० असेल तर दोन मीटरवर ६४, चारवर ५८, आठवर ५२, सोळावर ४६. म्हणजे सोळा मीटरवर कुणाची खिडकी असेल तर एवढ्यानेच रात्रीची मर्यादा ओलांडली! हिशेब ढोबळ आहे, भिंतीवरून आवाज परतला की तो बदलतो, पण आठवी-नववीच्या मुलांना सहज करता येईल असा आहे.

३. परवानगी कुणाची? न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मॅक्स न्यूहाउस यांनी १९७७ मध्ये पदपथाच्या जाळीखाली, भुयारी रेल्वेच्या हवा खेळवण्याच्या पोकळीत एक संथ, घुमणारा आवाज बसवला. तिथे पाटीसुद्धा नाही. हे काम उभं राहायला काही वर्षं गेली. एकट्या माणसाला परवानगी मिळेना, म्हणून त्यांना त्यासाठी संस्था काढावी लागली.

४. दहा वर्षांनी काळजी कोण घेणार? हाच आवाज १९९२ मध्ये बंद झाला आणि थेट २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. आता डिया आर्ट फाउंडेशन त्याची देखभाल करते. आपल्याकडेही उद्घाटनाला हार-तुरे असतात आणि दोन पावसाळ्यांनंतर कारंजं कोरडं पडतं, हे आपण पाहतोच. म्हणून देखभालीचा खर्च, दुरुस्ती करणारी व्यक्ती आणि काम काढून टाकायची वेळ आली तर ती कशी काढायची, हे करारातच लिहिलेलं बरं.

५. नको असलेल्यांचं काय? रात्रपाळी करून दिवसा झोपणारा शेजारी, आवाजाने घाबरणारं मूल, काठीच्या आवाजावर अंदाज घेत चालणारी दृष्टिहीन व्यक्ती, झाडावरचे पक्षी. यातल्या माणसांशी आधी बोलायला हवं. पक्ष्यांशी बोलता येत नाही, तर विणीच्या हंगामात आवाज बंद ठेवता येतो.

वर्गात काय करता येईल?

जवळच्या बागेत, नाहीतर शाळेच्या मैदानातच, मुलांना पाच मिनिटं डोळे मिटून बसवा. कागदाच्या मधोमध फुली म्हणजे 'मी'. जो आवाज जिथून येईल तिथे खूण करायची, मोठा आवाज असेल तर मोठी खूण. तयार झाला आवाजांचा नकाशा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा करा आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. पालकांना हा खेळ घरच्या गच्चीवर किंवा खिडकीपाशीही घेता येईल.

मग चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाने उद्यान विभागाच्या वतीने कलाकाराला एक औपचारिक पत्र लिहायचं : जागा कशी आहे, काय हवं, काय नको, किती वेळ, देखभाल कोण करणार. दुसऱ्या गटाने बागेशेजारच्या रहिवाशाच्या भूमिकेतून त्याला उत्तर द्यायचं. पत्रलेखनाचा सराव होतो तो होतोच, शिवाय सार्वजनिक जागेत आपल्याला आवडलेली गोष्ट करताना दुसऱ्याला विचारावं लागतं, हेही मुलांना कळतं.

या पत्रांत एखाद्या गटाने 'आमच्या बागेत नवा आवाज नको, फक्त बसून ऐकायला एक बाक द्या' असं लिहिलं, तर त्यालाही पूर्ण गुण द्या. त्यांनी जागा नीट ऐकली आहे.