थाळी ऐंशी रुपये

सोमवार, 14 ऑगस्ट 2023. सदाशिव पेठ, पुणे.

पहाटे 4

गजराआधीच जाग येते. पेठेतल्या आम्ही तीन मेसवाल्यांनी मिळून एक टेम्पो ठरवलाय. मार्केट यार्ड शनिवारी बंद, रविवारी मालाचा पूर. सोमवारी त्यातलं उरलंसुरलं मिळतं, पण दर रविवारी जायला पाय चालत नाहीत.

पहाटे 5

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सगळे भाव दहा किलोचे. नवखा माणूस आकडा ऐकून आधी दचकतो, मग भागाकार करतो.

"टोमॅटो काय लावला?"

"सहाशे."

"काल साडेपाचशे होता म्हणे."

"कालचं काल गेलं, काकू. गेल्या महिन्यात बाराशे होता, तेव्हा कुठं होता तुम्ही?"

कुठं होते? याच गाळ्यासमोरून मान खाली घालून पुढं जात होते. जुलैचे तीन आठवडे माझ्या स्वयंपाकघरात टोमॅटो आला नाही. आमटीत आमसूल, उसळीत चिंच, कोशिंबीर काकडीची. पोरांना पहिले चार दिवस कळलं नाही, पाचव्या दिवशी एकानं विचारलं, "काकू, सगळंच आंबट का लागतंय?"

आणि मे महिन्यात इथंच क्रेटवर क्रेट पडून होते. वीस किलोचं क्रेट शंभर रुपयांनाही कोणी उचलेना. नारायणगावकडच्या, नाशिककडच्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, कोणी प्लॉट अर्ध्यात सोडून दिले. जे राहिले त्यांच्यावर व्हायरस आला. टोमॅटो म्हणजे गोदामात ठेवायचं गहू-तांदूळ नव्हे. मे महिन्यात सोडलेला प्लॉट जुलैत कुठून माल देणार? टीव्हीवर मात्र बातमी येते की भाव "अचानक" भडकले. गाळ्यावरच्या हमालालाही मे महिन्यातच दिसत होतं.

दहा किलो घेतला. आल्याकडे फक्त बघितलं. बटाटा यंदा गरिबासारखा वागतोय, म्हणून दोन गोण्या. कांदा थोडा चढलाय. सरकार तीन लाख टनांच्या साठ्यातला कांदा बाहेर काढणार, अशी शुक्रवारपासून चर्चा आहे. आडत्या म्हणाला, "थांबा जरा, उतरेल." शेजारच्या गाळ्यावरचा म्हणाला, "आजच भरा, चाळीतला माल यंदा टिकत नाही." दोघंही मला कांदाच विकत होते. मी नेहमीएवढा घेतला. येत्या गुरुवारी अधिक महिना संपून श्रावण लागेल. काहींचा कांदा-लसूण बंद होईल आणि पालेभाजीच्या जुडीला शिंगं फुटतील.

सकाळी 7

पोळीवाल्या मावशी आल्या. एरवी आल्याबरोबर परात ओढतात, आज पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"ताई, पोळीमागं चार आणे वाढवा."

"आत्ता? दिवाळीला वाढवू म्हणाले होते ना."

"डाळ माझ्याही घरी लागती. ती दिवाळीपर्यंत थांबती का?"

दोन्ही वेळच्या मिळून सातशे पोळ्या. चार आण्यांनी दिवसाला पावणेदोनशे, महिन्याला पाच हजारांच्या आसपास. हा हिशेब मी मनात केला, त्यांनी तो घरून करून आणला होता. "गणपतीपासून," मी म्हणाले. त्यांनी परात ओढली.

सकाळी 9

वाण्याकडे. तूरडाळ एकशे साठ, गेल्या वर्षी याच दिवसांत एकशे वीसच्या आत होती. जिरं सातशेच्या पुढं. वाणी जिऱ्याची पिशवी हल्ली गल्ल्याजवळ ठेवतो, काजूसारखी. तेलाचा डबा मात्र खरोखर उतरलाय. गेल्या वर्षी युक्रेनच्या लढाईत अडीच हजारांवर गेला होता, आता सोळाशे-सतराशेत मिळतो. "हे नाही कोणाला सांगत तुम्ही," वाणी म्हणाला. खरं आहे. तेल स्वस्त झालं म्हणून मी तरी कुठं थाळीचा दर उतरवला?

सकाळी 11

हा महिन्यातून एकदा येतो. केंद्र सरकारच्या सर्वेक्षणाचा मुलगा, पाठीला सॅक. ठरलेल्या बाजारातल्या ठरलेल्या दुकानांत जाऊन ठरलेल्या जिनसांचे भाव लिहून नेतो. देशभर असे भाव गोळा होतात आणि त्यातून महागाईचा आकडा निघतो. तयार जेवणही त्या यादीत आहे, म्हणून माझी पायरी चढतो.

"थाळी केवढ्याला, काकू?"

"ऐंशी."

"गेल्या महिन्याएवढीच. आणि जिनसा?"

"त्याच. चार पोळ्या, दोन भाज्या, आमटी, भात, कोशिंबीर."

त्यानं लिहून घेतलं. ताक दिलं, प्याला, गेला.

मी खोटं काहीच बोलले नाही. फक्त त्याला ओगराळं दाखवलं नाही. जूनपासून आमटीचं ओगराळं बदललंय. जुनं भरलं की वाटी काठोकाठ, नवं भरलं की काठाखाली बोटभर. वाटी तीच, वाढपी तोच. डाळही आता निव्वळ तुरीची नसते. चार किलोंत एक किलो मसूर आणि दाटपणाला शिजवून घोटलेला लाल भोपळा. चव बिघडत नाही, उलट एकानं "आमटी गोडसर छान झालीये" म्हणून सांगितलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दर कसा वाढवू? पोरं महिन्याचे तीन हजार आगाऊ भरतात. शंभर रुपये वाढवले की दहाजण समोरच्या गल्लीत जातात. ओगराळं लहान केलं तर कोणी जात नाही. दुकानात बिस्किटाचा पुडा पाच रुपयांनाच मिळतो, आत बिस्किटं किती ते आपण मोजत नाही, तसंच हे. फक्त तिथं कंपनी असते, इथं मी असते.

दुपारी 12.30 ते 2.30

वाढप. लिहायला उसंत नाही. भात दोनदा टाकला.

संध्याकाळी 5.30

पोरं चहाला खाली उतरतात. बहुतेक सगळी स्पर्धा परीक्षेची, त्यामुळे महागाई त्यांना तोंडपाठ. आकडा दर महिन्याच्या 12 तारखेला येतो, परवा शनिवार होता म्हणून आज. एकजण मोबाइलवरून ओरडला, "सात पॉइंट चव्वेचाळीस!" दुसऱ्यानं अन्नाचा आकडा वाचला, 11.51 टक्के. भाज्या 37.34.

"रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य चार टक्के, वर-खाली दोन," एक सांगू लागला. "सहाच्या वर गेलं. आणि गुरुवारीच रेपो दर साडेसहावर ठेवला होता, काकू."

"व्याज वाढवलं असतं तर टोमॅटो पिकला असता का?"

"नाही ना, म्हणून तर कोअर महागाई बघतात. अन्न आणि इंधन वगळून."

माझ्या खर्चातून अन्न आणि गॅस वगळला तर जागेचं भाडं आणि मावशी उरतात. मावशींनी आज सकाळीच तोंड उघडलं, हे त्या पोराला सांगावंसं वाटलं. चार टक्के, सहा टक्के करता करता एक दिवस तेही वगळता येत नाही. सांगितलं नाही, दूध उतू जात होतं.

यातही गंमत बघा. आकड्याची टोपली 2011-12 साली लोक काय खायचे त्यावर बेतलेली आहे. टोपली तीच ठेवून भाव मोजतात. मी नेमकी उलटी: भाव तोच ठेवून टोपली बदलते.

रात्री 8

रात्रीची पंगत. बटाट्याची भाजी बघून कोणी बोललं नाही, पण मीठ जास्त मागितलं गेलं.

रात्री 10

वही. आजचे खाडे सहा. उद्या झेंडावंदन, दरवर्षीप्रमाणे दोन-दोन जिलब्या, तिथं काटछाट नाही.

सगळे गेल्यावर लातूरकडचा एकजण मागं रेंगाळला. तिसरं वर्ष त्याचं.

"काकू, उद्यापासून एकवेळ करा माझं."

"का रे? दुसरीकडं जातोस?"

"नाही, नाही. सकाळी उशिरा उठतो ना मी. एकदम रात्रीच जेवीन."

पहाटे अभ्यासिकेत जागा धरायला हाच पहिला जातो. मी टेम्पोतून उतरते तेव्हा रोज दिसतो.

"घरी पाऊस आहे का?"

"नाही. सोयाबीन फुलावर आलंय, आणि वीस दिवस झाले, टिपूस नाही." मग हसून म्हणाला, "टोमॅटो लावायला पाहिजे होता."

त्याच्या नावापुढचं 'दोनवेळ' खोडून 'एकवेळ' लिहिलं. आत येऊन उद्याची मटकी भिजत घातली. अडीच किलो मोजली, पातेल्यात ओतली, मग त्यातली एक मूठ काढून परत डब्यात टाकली.