फौज समजून घेताना (भाग ६) : सरावात जीव का जातो?

गेल्या आठवड्यात अग्निवीर भरतीच्या शारीरिक चाचणीबद्दल लिहिले आणि मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावहून एका वडिलांचा फोन आला. मुलगा पहाटे सोळाशे मीटर पळतो, लेखी परीक्षेचीही तयारी चालू आहे. घरच्यांची ना नाही. फक्त देवळालीची बातमी वडिलांच्या डोक्यातून जात नाही. त्यांनी सरळ विचारले, “लढाईत गेला त समजते साहेब, पण टरेनिंगमधी कसं काय जाते पोरगं? तेथं त दुश्मन बी नसते.”

बातमी १० ऑक्टोबर २०२४ ची. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचा गोळीबार सराव चालू असताना गोळा फुटला आणि दोन अग्निवीर गेले. एक वीस वर्षांचा, दुसरा एकवीस. दोघेही हैदराबादच्या तोफखाना केंद्रातून सरावासाठी आलेले. तोफ आपल्याच बनावटीची, ‘इंडियन फील्ड गन’.

अशा बातमीनंतर दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, फौज म्हटली की एवढे चालायचेच. दुसरा म्हणतो, शांततेच्या काळात खरा दारूगोळा हवाच कशाला, संगणकावर शिकवा. पहिल्या उत्तरात निगरगट्टपणा आहे आणि दुसऱ्यात अज्ञान. निगरगट्टपणाचा मला जास्त राग येतो, पण आधी अज्ञानाचे पाहू.

खोट्या काडतुसांनी, म्हणजे ब्लँकने, आवाज आणि धूर मिळतो. मात्र समोरून काही येत नाही, त्यामुळे आपण उघड्यावर आलो, आता मेलो, हे जवानाला कळत नाही. दिवसभर चुका करूनही संध्याकाळी सगळे जिवंत, सगळे खूश. यावर उपाय म्हणून रायफलीला लेझर आणि अंगावर संवेदक लावायची पद्धत आली. लेझर लागला की पट्टा वाजतो आणि तुम्ही ‘मेलेले’ ठरता. अमेरिकेने १९८० च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर सुरू केले, आता आपल्याकडेही आहे. पण लेझर झुडपाच्या पानाने अडतो आणि गोळी अडत नाही. केवळ लेझरवर तयार झालेला जवान झुडपाला आडोसा समजू लागला, तर सुरक्षित साधनानेच त्याला मरणाचा धडा दिला असे होईल. शिवाय तोफेचा दणका छातीत बसतो तेव्हा पाठ केलेले सगळे क्षणभर पुसले जाते. तो क्षण माणसाने आधी अनुभवलेला असावा लागतो, आणि तो पडद्यावर अनुभवता येत नाही. खऱ्या दारूगोळ्याला पर्याय नाही.

प्रश्न उरतो तो तिथवर न्यायचे कसे याचा. आसेगावच्या शेतकऱ्याला हे मी काय सांगणार! गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी वखराला जुंपत नाही. आधी जू नुसते मानेवर ठेवून फिरवतात, मग ओंडका ओढायला लावतात, मग जाणत्या बैलाशेजारी उभे करतात. फौजेत हेच काम उस्ताद करतात. हत्यार खोलणे-जोडणे, मग ड्रिलची काडतुसे, मग ब्लँक, मग रेंजवर थोड्या खऱ्या गोळ्या. हातगोळ्याचेही तसेच. आधी निर्जीव गोळा शेकडो वेळा फेकून घेतात, खरा गोळा अगदी शेवटी आणि तोही आडोशातून, शेजारी उस्ताद उभा असताना. रेंजवर लाल निशाण असते, आसपासच्या गावांना आधी सूचना जाते. त्यासाठी १९३८ चा कायदा आहे, नगरच्या के. के. रेंजभोवतीच्या गावांना तो चांगलाच ठाऊक आहे.

माझे म्हणणे एवढेच, की सरावातले मृत्यू पाहत गेलो तर सराव फार खरा होता म्हणून माणूस गेला, असे क्वचित आढळते. बहुतेक वेळा मधली पायरी गाळलेली असते, नाहीतर हातात दिलेली वस्तूच सदोष असते.

पायरी गाळल्याचे सर्वात मोठे उदाहरण हवाई दलाचे आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. मिग-२१ जातीची शेकडो विमाने आपल्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली. विमान वेगवान, पण उतरताना फार अवघड, कारण धावपट्टीला टेकतानाच त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असे. ते चालवणारा नवा वैमानिक यायचा कुठून? तर ‘किरण’ या संथ, समजूतदार शिकाऊ विमानावरून. दोहोंच्या मधले शिकाऊ विमानच नव्हते. १९८२ मध्ये डेनिस ला फाँतेन यांच्या समितीने सांगितले, की मधल्या पायरीसाठी प्रगत शिकाऊ जेट घ्या. ब्रिटिश ‘हॉक’ विमानांचा करार झाला २००४ मध्ये. ती हवाई दलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये, मराठी मुलखाला लागून असलेल्या बिदरच्या तळावर. शिफारस ते धावपट्टी, २६ वर्षे.

मिग विमानांचे एकूण काय झाले ते तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत सांगितले. खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि दलांतील आणखी ८ जण मृत्युमुखी पडले. सगळे अपघात शिकाऊ वैमानिकांचे नव्हते, सगळे मधल्या पायरीअभावी झाले असेही नाही. इंजिन बंद पडले, पक्षी धडकले, सुटे भाग मिळाले नाहीत, अशी कारणे अनेक होती. तरीही १९८२ साली जे लेखी सांगितले गेले, ते २००८ पर्यंत अमलात आले नाही, ही गोष्ट कोणत्याही कारणाने झाकली जात नाही.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ त्याच काळातले. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगडहून त्यांच्या मिग-२१ ने उड्डाण केले आणि ते कोसळले. ठपका वैमानिकावर आला. आई कविता गाडगीळ यांनी तो स्वीकारला नाही. त्यांनी जाहीरपणे विमानांच्या अवस्थेबद्दल आणि वैमानिकांच्या तयारीबद्दल प्रश्न विचारले. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले निवृत्त अधिकारी. पुढे या दांपत्याने पुण्यात ‘जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट’ काढली, तरुण मुलांना सिम्युलेटरवर सराव मिळावा म्हणून. सरकार जी पायरी बांधत नव्हते, तिची एक वीट मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी स्वतः रचली.

मिगच्या खालच्या पायरीवरही तीच कथा. अगदी पहिले धडे देणारे एचपीटी-३२ हे विमान एकच इंजिन असलेले, आणि ते इंजिन हवेत बंद पडायचे. १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. ३१ जुलै २००९ रोजी दोन प्रशिक्षक मृत्युमुखी पडले, तेव्हा कुठे ते विमान कायमचे जमिनीवर आले. शिकवणारेच मरू लागल्यावर जाग आली.

आता सदोष वस्तूंकडे येऊ. हा भाग आपल्या विदर्भाचा आहे. तोफगोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो. गोळा कोठारात, ट्रकमध्ये, हातात असेपर्यंत तो कुलूपबंद राहतो. तोफ डागली की मागून बसणारा प्रचंड धक्का आणि नळीतून जाताना गोळ्याला मिळणारी फिरकी, या दोन्हींनी कुलूप उघडते, आणि तेही गोळा नळीबाहेर पडून काही अंतर गेल्यावर उघडावे अशी रचना असते. ते आधीच उघडले, किंवा गोळ्यातल्या स्फोटकात भेग वा पोकळी राहिली, तर गोळा नळीतच किंवा तोंडाशी फुटतो. अशा वेळी तोफेजवळच्या पोराने कितीही नियम पाळलेले असोत, त्याच्या हातात काहीही उरत नाही. देवळालीत नेमके काय बिघडले यावर मी बोलणार नाही, पण अशा अपघाताचे कारण शोधायचे तर जवानाच्या चुकीपाशी थांबून भागत नाही, कारखान्याच्या तपासणीच्या टेबलापर्यंत जावे लागते.

लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाची बातमी सप्टेंबर २०२० मध्ये फुटली होती. २०१४ पासून सदोष दारूगोळ्यामुळे सुमारे ९६० कोटी रुपये वाया गेले, तेवढ्यात १५५ मिलिमीटरच्या शंभर तोफा आल्या असत्या, असा हिशेब त्यात होता. ४०३ अपघात आणि २७ मृत्यू त्यात नोंदले होते. आयुध निर्माणी मंडळाने हे निष्कर्ष नाकारले. साठवण आणि हाताळणी लष्कराची, म्हणजे दोष सगळा आमचा कसा, असा त्यांचा सवाल. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि मधे तोफेपाशी उभा राहायचा आपला पोरगा. मंडळ २०२१ मध्ये बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची ‘म्युनिशन्स इंडिया’ पुण्याची.

त्या ९६० कोटींपैकी ३०३ कोटी रुपये एकट्या भूसुरुंगांचे, आणि त्या सुरुंगांचा संबंध वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावशी. तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होते. १९ जण गेले. त्यांत दोन अधिकारी, बाकी बहुतेक आगीशी झुंजणारे अग्निशमन कर्मचारी. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तिथल्याच रेंजवर जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन आणखी सहा जण गेले, त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूरही होते. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, किमान आठ कामगार गेले. यातला कोणताही मृत्यू सरावातला नाही. पण सदोष माल आधी बनवणाऱ्याचा जीव घेतो, मग साठवणाऱ्याचा, मग सराव करणाऱ्याचा. तिथूनही सुटला तर युद्धात ऐन वेळी दगा देतो.

उलट उदाहरणही विदर्भातलेच. आपली फौज पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रचनेचा ३६ नंबरचा हातगोळा वापरत आली. त्याचे तुकडे वाटेल तसे उडतात, फेकणाऱ्यालाही आडोसा घ्यावाच लागतो. डीआरडीओने नवा हातगोळा तयार केला आणि तो नागपुरात खासगी कारखान्यात बनतो. २४ ऑगस्ट २०२१ ला तो लष्कराकडे सोपवण्यात आला. तुकडे उडवणारे बाहेरचे कवच काढून ठेवले की उरतो फक्त स्फोट, म्हणजे उघड्यावरून चाल करून जाणाराही तो फेकू शकतो. एकाच सुधारणेने सरावातला धोका घटला आणि सराव युद्धाच्या अधिक जवळ गेला. सुरक्षा वाढवली की सराव मऊ पडतो, हे म्हणणाऱ्यांनी हा हातगोळा पाहावा.

बाहेरच्या जगातले एकच उदाहरण देतो. एप्रिल १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या स्वारीची रंगीत तालीम इंग्लंडच्या स्लॅप्टन किनाऱ्यावर झाली. सैनिकांना लढाईची सवय व्हावी म्हणून सरसेनापती आयझेनहॉवर यांनी खरा तोफमारा करायला लावला. मधेच जर्मन टॉर्पेडो बोटी घुसल्या आणि किमान ७४९ अमेरिकी बुडाले वा मारले गेले. जहाजे आणि किनारा यांच्या रेडिओच्या लहरी जुळत नव्हत्या. तरंगण्याचे पट्टे अनेकांनी काखेखाली न बांधता कमरेला बांधले होते, त्यामुळे पाण्यात पडल्यावर पाठीवरच्या ओझ्याने ते उलटे झाले. पट्टा कसा बांधायचा हे कोणी नीट शिकवले नव्हते. दोन्ही चुका सहा आठवड्यांत सुधारल्या गेल्या आणि स्वारीच्या दिवशी युटा किनाऱ्यावर त्याहून कितीतरी कमी माणसे गेली. पण हेही खरे, की तालमीतल्या मृत्यूंची वाच्यता करायला बंदी होती आणि जगाला सगळा तपशील कळायला दशके गेली.

धोका संपूर्ण कधीच जात नाही. २८ जून २०२४ च्या रात्री लडाखमध्ये श्योक नदी ओलांडण्याच्या सरावात पाणी अचानक चढले आणि टी-७२ रणगाड्यातले पाच जण गेले. नदी ओलांडायला शिकायचे तर नदीत उतरावेच लागते. मात्र पाणी चढत असताना सराव थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो वापरल्याबद्दल त्याची कारकीर्द बिघडणार नाही ना, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा.

आसेगावच्या त्या वडिलांनी आणखी एक विचारले होते, ते पैशाचे. सेवेशी संबंधित कारणाने, म्हणजे सरावातही, अग्निवीराचा मृत्यू झाला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या कालावधीचे वेतन आणि सेवानिधीची रक्कम कुटुंबाला मिळते. कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत नाही. यावर स्वतंत्र लेख लागेल.

अग्निवीराचे प्रशिक्षण साधारण ३१ आठवड्यांचे. पूर्वीच्या शिपायाला जास्त वेळ मिळत असे. कमी वेळात तेवढ्याच पायऱ्या चढवायच्या, तर एखादी गाळली जात नाही ना, हे बाहेरून कोणीतरी पाहिले पाहिजे. ते पाहण्याचा मार्ग म्हणजे चौकशीचा अहवाल. अपघातानंतर लष्करी चौकशी होते, पण तिचे निष्कर्ष आपल्याकडे सहसा जाहीर होत नाहीत. ब्रिटनमध्ये गोपनीय भाग काळा करून असे अहवाल सर्वांसाठी खुले करतात. त्याने त्यांची फौज दुबळी झालेली नाही. आपल्याकडेही एवढे व्हायला अडचण कसली, हे मला तरी समजत नाही.

तेव्हा भरतीसाठी मुलाला पहाटे उठवणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलाला थांबवू नका. पण यवतमाळ-वाशीमच्या खासदारांना एक पत्र लिहा : देवळालीच्या चौकशीत काय निघाले ते संसदेत विचारा, आणि सरावातल्या प्रत्येक मृत्यूचा अहवाल जाहीर व्हावा अशी मागणी करा. पत्र मराठीत चालते.