मंडळी जमली की मेंदू चमकतो! टीनएजची सूरत स्पेशल सफर

माहीत आहे का? गुजरातीतला पहिला आधुनिक निबंध म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो सूरतच्या एका टीनएजरने लिहिलाय. आणि विषय काय, तर चारजणांनी एकत्र जमण्याचे फायदे!

या पठ्ठ्याचं नाव नर्मदाशंकर दवे, म्हणजेच कवी नर्मद. जन्म सूरतचा, २४ ऑगस्ट १८३३. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना, सतरा-अठराव्या वर्षी, त्याने तरुणांच्या सभेत भाषण ठोकलं, तोच हा निबंध: ‘मंडळी मळवाथी थता लाभ’. ज्या वयात घरोघरी ‘मित्रांत वेळ वाया घालवू नकोस’ हे ऐकावं लागतं, त्याच वयात गडी मित्रांवर बोलला आणि थेट साहित्याच्या इतिहासात जाऊन बसला. आज सूरतच्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे.

आता मराठी ट्विस्ट! लहानपणी नर्मद दुर्गाराम मेहताजींच्या शाळेत शिकला. या मेहताजींनी १८४४ मध्ये सूरतेत ‘मानवधर्म सभा’ काढली. संस्थापक पाच, आणि पाचही नावं ‘द’ची: दुर्गाराम, दलपतराम, दामोदरदास, दिनमणिशंकर आणि दादोबा. हे दादोबा म्हणजे आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर! तेव्हा सूरतेत शिक्षक होते. शहरातली मोठी माणसं जातिभेदावर आणि भूतखेतांवर खुलेआम वाद घालत होती, तेव्हा नर्मद दहा-अकरा वर्षांचा होता. मंडळी जमवायची चटक कुठून लागली असेल, ओळखा पाहू.

बरं, मित्र जमले की मेंदूत नेमकं होतं काय? २००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी पोरांना, तरुणांना आणि मोठ्यांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला. सिग्नल पिवळा होतो: थांबायचं की दामटायची? एकटी असताना पोरं जरा सांभाळून होती. मित्र शेजारी आले आणि धोका पत्करण्याचं प्रमाण एकदम उसळलं. चोविशीपुढच्या मोठ्यांना मात्र शेजारी कोण बसलंय याने फरकच पडला नाही.

पुढची गंमत तर कमालच! २०११ च्या प्रयोगात मित्र शेजारीसुद्धा नव्हते, बाजूच्या खोलीतून नुसते बघत होते. तेवढ्यावरही टीनएजरच्या मेंदूतली बक्षिसाची केंद्रं लखलखली. म्हणजे ‘मित्रांनी भरीस घातलं’ हे दरवेळी खरं नसतं. मित्र आहेत, एवढंच पुरतं.

आणि हे फक्त माणसांचं नाही हो. उंदरांचंही आहे! वयात येणाऱ्या उंदरांना दारू ठेवली, तर सोबती असताना ते एकट्यापेक्षा जास्त प्यायले. प्रौढ उंदरांनी आपला कोटा बदलला नाही. हा २०१४ चा प्रयोग. उंदरांमध्ये ना रील्स, ना डेअर, ना ‘काय रे, घाबरलास?’

तेव्हा डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोच्या भज्यांभोवती जमलेलं टोळकं दिसलं तर नाक मुरडू नका. हेल्मेटचा आग्रह मात्र जरूर धरा. जो मेंदू मित्रांसमोर बाइक दामटतो, तोच मेंदू मित्रांसोबत रक्तदान शिबिरही भरवतो आणि गणपतीत रात्रभर मंडपही बांधतो. इंधन एकच, रस्ता कुठला ते मंडळी ठरवतात.

माहीत आहे का, टीनएजरला सतत अदृश्य प्रेक्षक दिसतात? १९६७ मध्ये डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने त्यांना नावच दिलं: काल्पनिक प्रेक्षक. नाकावर पुटकुळी आली की वाटतं, सगळं सूरत तिच्याकडेच बघतंय! दिलासा हवाय? २००० च्या एका अभ्यासात कॉलेजच्या पोरांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांचा अंदाज: निम्म्या लोकांनी पाहिला असणार. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही धड लक्षात आला नव्हता. पुटकुळीवाल्यांनो, बिनधास्त फिरा!

आता चला लिंबायतला. उधना, डिंडोली, नवागाम... सूरतचा हा पट्टा म्हणजे मिनी खानदेश. भुसावळ लाइनच्या गाडीने जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी इथे वयात येतेय. लोचो या सुरती खाऊच्या गाडीजवळ उभं राहा आणि फक्त कान उघडे ठेवा. पंधरा वर्षांचा पोरगा गाडीवाल्याला म्हणतो, “काका, एक लोचो आपजो, बटर वधारे.” शेजारच्या ओडिया दोस्ताशी हिंदी. तेवढ्यात खिशातला फोन वाजतो आणि आवाज एकदम मऊ: “येस ना माय, येस!” इंग्रजी येस नव्हे बरं का, अहिराणीतलं ‘येतो’. आणि वहीवर? मराठी. कारण सूरत महापालिका मराठी शाळाही चालवते. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी: तब्बल सात माध्यमं, एकच महापालिका!

एका मिनिटात चार भाषा, म्हणजे चार माणसं का? बहुभाषिक लोकांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात हजाराहून जास्त जणांना विचारलं: भाषा बदलली की आपण वेगळेच वाटतो का? जवळजवळ दोनतृतीयांश म्हणाले, हो! मोठ्यांना असं वाटतं, तर ‘मी कोण’ हे अजून ठरायचंय त्या पोराची मजा बघा. जीन फिनी या संशोधिकेने १९८९ मध्ये समाजाशी जोडलेल्या अशा ओळखीचे टप्पे मांडले. आधी आपल्या समाजाबद्दल विचारच नसतो. मग शोध सुरू होतो, प्रश्न पडतात, कधी घरच्या बोलीची लाजही वाटते. आणि मग एक दिवस ते सगळं आपलं होऊन जातं. म्हणून पाहुण्यांना एक कळकळीची विनंती: ‘तू गुजराती की मराठी?’ असं त्या पोराला खिंडीत गाठू नका. त्याचं उत्तर दोन्ही आहे, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे.

‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द जगभर नेणारा एरिक एरिकसन माहीत आहे का? खऱ्या वडिलांचा पत्ता त्याला आयुष्यभर लागला नाही. सावत्र वडिलांचं आडनाव होतं होम्बर्गर. अमेरिकेचा नागरिक झाल्यावर पठ्ठ्याने नवंच आडनाव घेतलं: एरिकसन, म्हणजे एरिकचा मुलगा! कॉलेजची पदवी नाही, तरी हार्वर्डचा प्रोफेसर. दहावी-बारावीच्या रिझल्टवर रडणाऱ्यांनो, नोंद घ्या. आणि गुजरात कनेक्शन? १९६२ मध्ये तो अहमदाबादला आला आणि तिथल्या गिरणी संपाचा धागा पकडून गांधीजींवर पुस्तक लिहिलं. त्याला पुलित्झर मिळालं.

याच एरिकसनने सांगितलं, की या वयाला थोडी सवलतीची मुदत हवी. हे करून बघ, ते सोडून दे, चूक, पुन्हा उभा राहा. इथे आवाज जरा खाली आणायला हवा, कारण सूरतेत ही मुदत सगळ्यांना मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत शहरात दर १००० पुरुषांमागे बायका जेमतेम साडेसातशेच्या आसपास होत्या. कारण ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, खानदेशातून तरुण पोरं एकटीच येतात: लूम्सवर, डाइंग मिलमध्ये, हिऱ्याला पैलू पाडायच्या घंटीवर. बारा-बारा तासांची पाळी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदा १४ ते १८ वयाच्यांना ‘किशोर’ म्हणतो आणि धोक्याच्या कामावर त्यांना मनाई करतो. हे चांगलंच झालं. पण अठरा पूर्ण झाल्या दिवशी मेंदूची वाढ काही पूर्ण होत नाही. नियोजन आणि संयम सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात तज्ज्ञांनी तर मांडलं, की किशोरवय १० ते २४ धरा! पाळी सुटल्यावर या पोरांना खेळायला मैदान आणि बसायला कट्टा मिळायलाच हवा. तो त्यांचा हक्क आहे.

गियर बदलूया. झोप! टीनएजर रात्री जागतो तो फक्त मोबाइलमुळे नाही. मेलाटोनिन हे झोपेचं रसायन या वयात उशिरा पाझरायला लागतं. म्हणून कॅलिफोर्नियाने कायदाच केला: २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ठरवलं, शाळा नऊच्या आधी नको, पण कुणासाठी? चौथीपर्यंतच्या चिमुकल्यांसाठी! लहानग्यांचं भलं झालं, आनंद आहे. पण उशिरा उठण्याची खरी गरज आठवी-नववीच्या दादा-ताईंना. सकाळच्या पाळीत डुलक्या काढणाऱ्या प्रत्येक पोरासाठी हा मुद्दा कुणीतरी लावून धरा ना!

झटपट एक रेकॉर्ड: सूरतचा टेबल टेनिसपटू मानव ठक्कर फेब्रुवारी २०२० मध्ये २१ वर्षांखालच्या गटात जगात नंबर वन झाला. वय? फक्त १९!

आणि जाता जाता आयांसाठी ब्रेकिंग न्यूज. ‘तीन हाका मारल्या तरी ऐकू येत नाही’ ही तक्रार स्टॅनफर्डपर्यंत पोहोचलीय. २०२२ च्या अभ्यासात मुलांना आईच्या आणि अनोळखी बायकांच्या आवाजात निरर्थक शब्द ऐकवले, एका सेकंदाहूनही छोटे. बारापर्यंतच्यांचा मेंदू आईच्या आवाजाने खूश. तेरापुढच्यांचा मात्र अनोळखी आवाजाने! आईचा आवाज ते ओळखतात बरं का, अगदी अचूक. फक्त मेंदूला आता नव्या माणसांची ओढ लागलेली असते.

मग जेवायला बोलवायचंय? त्याच्या मित्राला हाक मारायला सांगा. आणि ताट दोघांचंही वाढा!