बॉडी उचलताना

पंचवीस वर्षं दाबून बसलेलं रबर पत्र्यापासून सुटतं तेव्हा चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज येतो. तो आवाज मी ताथवड्यातल्या एका गॅरेजात ऐकला, पावसाळ्यातल्या एका सकाळी. २००१ सालची टाटा सफारी चासीवरून उचलायचं काम चाललं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन जॅक, त्यांवर लाकडाचे ठोकळे, आणि चार जॅकवर चार माणसं. उस्ताद मध्ये उभे राहून फक्त बोट वर करत होते. एक बोट म्हणजे दांड्याचा एक दाब, चौघांचा एकदम. एकाने घाई केली तर बॉडी पिळवटते आणि काचेला तडा जातो, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

भूमकर चौकाकडून पुनावळ्याकडे जाताना हायवेच्या सर्व्हिस रोडपासून एक गल्ली आत हे गॅरेज आहे. पत्र्याची शेड, समोर मुरुमाचं अंगण. ताथवड्यात सरकारी वळू माता प्रक्षेत्राची हिरवळ अजून टिकून आहे, बाकी टॉवर आणि कॉलेजं. गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी ट्रॅफिक तुंबतं तेव्हा दर दहा गाड्यांत तीन-चार तरी मोठ्या एसयूव्ही असतात. त्या वरून सारख्याच दिसायला लागल्या आहेत. मला त्या खालून बघायच्या होत्या, म्हणून मी इथे तीन दिवस येऊन बसलो. योग असा की शेडमध्ये सफारीच्या तीन पिढ्या एकाच वेळी होत्या. जॅकवर ही जुनी, लिफ्टवर सर्व्हिसिंगला आलेली एक सफारी स्टॉर्म, आणि दाराशी उजव्या अंगाला ठोकर बसलेली २०२३ सालची नवी सफारी.

जुनीचे मालक पवनानगरकडचे भातशेतकरी. गाडी भंगारात घाला असं त्यांना घरातूनच सांगून झालंय. त्यांना मात्र पाच वर्षांचं नवं पासिंग करून घ्यायचंय. बाकी गाडी ठणठणीत, पण बॉडी आणि चासीच्या मधली रबरं दबून भाकरीसारखी पातळ झाली होती आणि प्रत्येक खड्ड्याला खालून ठोका बसत होता. रबरं बदलायची तर बॉडी उचलायलाच हवी.

आदल्या दिवशीचा सगळा वेळ बोल्टांमध्ये गेला होता. रात्रभर डिझेल आणि तेल पाजूनही दोन बोल्ट हलेनात. एकाचा तर आतला नट बोल्टाबरोबरच फिरायला लागला. मग पोऱ्याने गालिचा वर घेऊन, उस्तादांनी खडूने आखून दिलेल्या जागी पत्र्याला वहीच्या पानाएवढी खिडकी कापली, आतला नट पान्यात धरला आणि खालून गोटी लावून उस्तादांनी बोल्ट सोडवला. ती खिडकी संध्याकाळी परत वेल्ड केली, घासली, वर प्रायमर मारला. चुकलं तर कापून आत जाता येतं आणि परत बंद करता येतं, ही सोय या गाडीच्या घडणीतच आहे.

बॉडी कमरेइतकी वर गेली आणि खाली उरला तो सांगाडा बघून मी गप्प झालो. दोन जाड लोखंडी बाह्या, मध्ये आडव्या पट्ट्या. शिडी. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, हाउसिंग, चाकं, सगळं जागच्या जागी. वरचं घर नसतानाही ही गाडी चालू करून अंगणात फिरवता आली असती, स्टिअरिंग धरायची काही सोय केली की झालं. ट्रक असाच असतो. पिंपरीच्या कारखान्याला ट्रक बनवणं अंगवळणी पडलं होतं, आणि त्याच शिडीवर त्यांनी आधी १९८८ साली टाटामोबाइल पिकअप, १९९१ साली तीन दारांची सिएरा, मग इस्टेट, मग १९९४ साली सुमो आणि १९९८ साली सफारी उभी केली.

दुपारी चिंचवडहून एक काका आले. त्याच कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, उस्तादांच्या जुन्या ओळखीतले. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण काकांच्या तोंडी अजून ‘टेल्को’च. उचललेल्या बॉडीभोवती ते एक फेरी मारून आले आणि छपराला तळहात लावून उभे राहिले. सफारीचं छप्पर पुढच्या सीटमागे एक पायरी चढतं. मागच्यांची बैठक उंच ठेवली की पुढचा रस्ता त्यांनाही दिसतो, आणि मग डोक्याला जागा हवी म्हणून छप्पर वर घ्यावं लागतं.

“हात फिरवून बघा,” काका म्हणाले, “डोळ्याला दिसणार नाही, हाताला कळेल.”

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं की पत्रा दाबायची डाय मिळवताना तिच्या एका अर्ध्याला निळा रंग पुसतात, दाब देतात आणि रंग कुठे उमटला ते बघतात. जिथे जास्त उमटला तिथे टेकाड आहे. ते दगडाने घासायचं, परत निळा, परत दाब. एका डायमागे आठवडेच्या आठवडे जातात. शेवटी पत्रा निघाला की सुती मोजा घालून तळवा फिरवायचा, कारण उघड्या हाताला घाम असतो आणि तो खोटं सांगतो. सुमंत मूळगावकरांनी १९६६ साली पुण्यात कारखाना उभारायला घेतला तेव्हा गाड्यांच्या आधी यंत्रं, डाय आणि शिकाऊ मुलं घडवायची सोय केली. सुमोच्या नावात ‘सुमंत’ आणि ‘मूळगावकर’ यांची पहिली अक्षरं आहेत हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण हा निळा रंग आणि हा मोजा जास्त सांगण्यासारखा आहे असं मला वाटतं. परदेशी गाडी इथे जोडणं एक आणि तिच्या छपराचा बाक आपल्या हातांनी ठरवणं वेगळं. पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्याला ते दुसरं आलं, ते अशा माणसांमुळे.

उस्तादांना मी विचारलं, वर्षानुवर्षं या गाड्या उघडताय, काय काय बदललं? त्यांनी नुसते सन सांगितले नाहीत, इंजिनं सांगितली. पहिलं दोन लिटरचं टर्बो डिझेल, साधारण ९० अश्वशक्तीचं. दोन टनांच्या आसपासची गाडी ओढताना घाटात दम खाणारं, पण पंप यांत्रिक, पाना आणि कान असले की जमणारं. २००५ ला तीन लिटरचं डायकॉर आलं, कॉमन रेलचं. २००७ ला २.२ लिटरचं, १४० अश्वशक्तीचं. “तेव्हा पहिल्यांदा स्कॅनर घ्यावा लागला,” ते म्हणाले. कानाने ऐकायचं ते पडद्यावर वाचायला लागले. २०१२ ला स्टॉर्म.

मग ते मला लिफ्टखाली घेऊन गेले. स्टॉर्मच्या खालीही शिडीच आहे, पण बाह्यांचा आकार निराळा, गुळगुळीत, कुठे फुगीर तर कुठे चपट्या. हे हायड्रोफॉर्मिंग. नळी साच्यात ठेवून आतून पाण्याचा प्रचंड दाब देतात आणि पोलाद साच्याचा आकार घेतं. वेल्डिंगचे सांधे कमी होतात, पीळ कमी बसतो. मागच्या दारावरचं जादा चाक पोटाखाली गेलं. जुन्या गाडीत पुढची उंची टॉर्शन बारवर आहे. हबपासून चाकाच्या कमानीपर्यंत टेप लावायची आणि बोल्ट आवळत नाक हवं तितकं उचलायचं. स्टॉर्ममध्ये तिथे कॉइल स्प्रिंग आल्या आणि तो बोल्ट गेला. उस्तादांना तो आवडायचा हे त्यांनी बोटांनी हवेत दोनदा पिळून दाखवलं तेव्हा कळलं. याच स्टॉर्मची ३,१९२ वाहनांची मागणी लष्कराने २०१७ साली नोंदवली होती, जिप्सीच्या जागी.

२०१९ मध्ये स्टॉर्म बंद झाली. शिडीची परंपरा सफारीपुरती तिथे संपली.

२०२१ च्या फेब्रुवारीत त्याच नावाने आलेली गाडी दुसऱ्याच कुळातली. तिची बैठक, म्हणजे प्लॅटफॉर्म, लँड रोव्हरच्या डी-८ वरून बेतलेली, इंजिन फियाटकुळीचं दोन लिटरचं, १७० अश्वशक्तीचं आणि रांजणगावात बनणारं. ओढ पुढच्या चाकांची. आणि चासी नाहीच. बॉडी हाच सांगाडा. टाटांनी जून २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, त्या व्यवहारातून पिंपरीत जे उतरलं त्यातलं हे एक. याच घराण्यातली रेंज रोव्हर १९७० साली निघाली तेव्हा तीही शिडीवरच होती. तिच्या सीट रेक्झिनच्या होत्या आणि शेतातून आल्यावर आतली जमीन पाण्याचा पाइप मारून धुता येत असे. तीही तिसऱ्या पिढीत, या शतकाच्या सुरुवातीला, शिडीवरून उतरली आणि २०१२ मध्ये सबंध ॲल्युमिनियमची झाली. २०२४ पासून तिची जोडणी पुण्यात होते. शेतकऱ्याने धुवायची गाडी महालात गेली आणि तिथून फिरत फिरत आमच्या पट्ट्यात आली. आमची सफारी मात्र ट्रकवरून चढत चढत तिथवर पोचली. दोघींची भेट इथे व्हावी याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

दाराशी उभ्या नव्या सफारीजवळ डेंटर भाई उकिडवे बसले होते. पुढच्या उजव्या फेंडरचं काही नाही, तो बोल्टावरचा आहे. त्यांची चिंता मधल्या खांबाच्या पायथ्याशी दिसणारी खळी होती. जुन्या गाडीत त्यांनी तिथे गॅसची ज्योत लावली असती, आतून हातोडी आणि बाहेरून ठोकळा धरून पत्रा परत आणला असता. इथे तसं करता येत नाही. आजच्या अशा गाड्यांत मोक्याच्या जागचं पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून, गार ठेवलेल्या डायमध्येच दाबतात. आकार आणि कठीणपणा त्याला एकाच वेळी मिळतो.

“गरम केलं की पाणी उतरतं त्याचं,” भाई म्हणाले.

विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देणाऱ्या लोहाराचा हा शब्द. मोटारीच्या खांबाला तो इतका चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. वरून खांब सरळ दिसेल, रंगही जमेल, पण पुढच्या धडकेत तो माणसाला धरणार नाही. म्हणून भाईंनी हातोडी बाजूला ठेवली. मालकाला फोन करून सांगितलं की हे काम ज्यांच्याकडे मापं घ्यायचा बाक आहे तिथेच न्या. पाच-सहा हजारांचं काम त्यांनी सोडलं. पुढच्या काचेमागे कॅमेरा आहे, काच बदलली की त्याचं लक्ष्यही परत जुळवावं लागतं, तेही या शेडमध्ये होत नाही.

इथे मला माझं मत सांगायलाच हवं. माझ्या मुलीला दूरच्या प्रवासाला पाठवायचं तर मी नव्या गाडीतच बसवेन. २०२३ च्या डिसेंबरात भारत एनकॅपने धडक चाचण्यांचे पहिले निकाल दिले त्यात टाटांच्याच हॅरियर आणि सफारीला पाच तारे होते. ताठ शिडी धडक गिळत नाही, ती पुढे ढकलते. नवीचा पुढचा भाग ठरवून दुमडतो आणि माणसांची खोली शाबूत ठेवतो. पण भाईंसारख्या हातांना हे नवं पोलाद शिकवायची सोय या पट्ट्यात गल्लोगल्ली व्हायला हवी. डायला निळा रंग लावणारी पोरं जशी एकेकाळी मुद्दाम घडवली, तशीच ही. नाहीतर कुणीतरी ज्योत लावणारच, आणि ते उतरलेलं पाणी कुणाला दिसणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जुन्या सफारीची बॉडी खाली आली. नवी काळी रबरं जागेवर, प्रत्येकाला खडूने आकडा. बोल्ट आधी हाताने, मग तिरके तिरके, कोपऱ्याला कोपरा धरून आवळले. वायरिंगचे कप्लर, ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचा जॉइंट. बॅटरी जोडली. शेतकरी काका स्वतः आत बसले आणि चावी फिरवली.

टक. दिवे मंदावले. परत टक.

उस्ताद धावलेच. “सोडा काका, चावी सोडा.” त्यांनी बॉनेटखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. ॲक्सिलरेटरची केबल तापली होती. मी काही समजायच्या आत त्यांनी पोऱ्याकडे बघितलं, आणि पोऱ्या भिंतीकडे धावला. तिथे खिळ्याला एक तांब्याची विणलेली पट्टी लटकत होती, वेणीसारखी, बोटभर रुंद. वरचं घर रबरावर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते आणि खालचा सांगाडा अलग. वर बॅटरी, खाली स्टार्टर. परतीची वाट म्हणून ही एक पट्टी असते. ती राहिली तर करंट जी मिळेल ती धातूची वाट पकडतो, म्हणजे पेडलपासून इंजिनपर्यंत गेलेली केबल.

पोऱ्याने दोन्ही टोकं काचपेपरने घासून लखलखीत केली, एक बॉडीला, एक इंजिनला, खाली वॉशर घालून आवळली. उस्ताद काही बोलले नाहीत. चावी फिरली आणि जुनं टर्बो डिझेल एका खोकल्यात चालू झालं, थोडा काळा धूर, मग सरळ लय.

“हात लाव केबलला,” उस्ताद म्हणाले.

पोऱ्याने दोन बोटं टेकवली, मग सगळी मूठ.

“गार आहे.”