श्रीरामपूर ते वूस्टर : एका चेंडूचा प्रवास

छत्रपती संभाजीनगरहून निघून गोदावरी ओलांडली, की साखर कारखान्यांच्या मुलखात श्रीरामपूर लागते. द्रुतगती गोलंदाज झहीर खान ह्याचा जन्म तिथला, १९७८ सालचा. अभियांत्रिकीची वाट सोडून तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली ह्यांच्या हाताखाली शिकला आणि २००० साली ढाक्याला पहिला कसोटी सामना खेळला. पण २००६ च्या उन्हाळ्यात तो भारतीय संघाबाहेर होता. आता काय करायचे? तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर कौंटीकडून खेळायला गेला.

कौंटी क्रिकेट म्हणजे गोलंदाजाची नोकरीच. एप्रिल ते सप्टेंबर, चार-चार दिवसांचे सामने, आज ह्या गावी तर उद्या त्या. झहीरने धाव आखूड केली, वेगाचा हव्यास कमी केला आणि त्या हंगामात ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध तर एकाच डावात १३८ धावांत ९!

हे बळी मिळवून दिले ते हवेने. कसे, ते पाहू.

नवा चेंडू हाती घ्या. त्याची उंच शिवण फलंदाजाच्या रोखाने सरळ न धरता सुमारे २० अंश तिरपी धरा. चेंडूला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. ज्या बाजूला शिवण पुढे येते, तिथे हा थर शिवणीला अडखळून प्रक्षुब्ध होतो. तुम्हांला वाटेल, असा थर लवकर सुटेल. होते उलटेच! तो चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो. गुळगुळीत बाजूचा शांत थर मात्र आधीच सुटतो. त्यामुळे चेंडूमागची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे चेंडू दुसऱ्या बाजूला, म्हणजे शिवण जिकडे रोखलेली असते तिकडे, सरकतो.

किती सरकतो? हे आडवे बल चेंडूच्या वजनाच्या ३० टक्के धरा. म्हणजे त्वरण सेकंदाला सेकंदाला ३ मीटर. चेंडूचा वेग सेकंदाला ३६ मीटर (ताशी सुमारे १३० किलोमीटर) आणि टप्प्यापर्यंतचे अंतर १५ मीटर. वेळ लागला ०.४२ सेकंद. ½ × ३ × (०.४२)² केले, की उत्तर येते सुमारे २६ सेंटिमीटर. आता निम्म्या वेळेचे गणित करा : फक्त साडेसहा! उरलेले साडेएकोणीस सेंटिमीटर दुसऱ्या अर्ध्यात. बॅटची रुंदी असते १०.८ सेंटिमीटर. चेंडू ‘उशिरा वळला’ अशी फलंदाजाची तक्रार असते. बिचाऱ्याला वेळेचा वर्ग छळत असतो.

इंग्लंडमधला ड्यूक चेंडू हाताने शिवलेला, सहा ओळींच्या टाक्यांचा. हिरवळीवर त्याची लकाकी बराच वेळ टिकते. आपल्या कोरड्या, खरबरीत मैदानांवर ती लवकर जाते. ढगाळ, दमट हवेत चेंडू जास्त वळतो असे खेळाडू छातीठोकपणे सांगतात. प्रयोगशाळेत दमटपणाचा तसा परिणाम दिसलेला नाही. शिवाय दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. (का, ते पाण्याच्या रेणुभारावरून तुम्हीच काढा.)

पुढच्याच वर्षी, जुलै २००७ मध्ये, झहीर भारतीय संघातून इंग्लंडला गेला. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर त्याने ९ बळी घेतले, सामना जिंकून दिला, आणि त्या एका विजयावर भारताने २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली.

तुमच्याकडे ड्यूक चेंडू नसेल. टेनिसच्या चेंडूच्या अर्ध्या भागावर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावा, सांधा फलंदाजाच्या रोखाने धरून टाका, आणि चेंडू पट्टीच्या बाजूला वळतो की लवेच्या, ते वहीत नोंदवा.